जुनी शिडाची बोट घेण्यापूर्वी: पाणी कुठे मुरले आहे ते कसे शोधावे

फायबरग्लासची बोट लाकडासारखी कुजत नाही आणि लोखंडासारखी गंजत नाही, त्यामुळे १९७० आणि १९८० च्या दशकांत बांधलेल्या कितीतरी शिडाच्या बोटी आजही समुद्रावर चालत आहेत. अशी बोट विक्रीला आली की घेणारा आधी तिचे वय विचारतो. वयापेक्षा महत्त्वाचे हे असते, की इतक्या वर्षांत पाणी जिथे जायला नको तिथे कुठे शिरले आणि मुरून राहिले. डेकच्या (बोटीच्या वरच्या पृष्ठभागाच्या) पोटातले हलके बाल्सा लाकूड, कीलचे (तळाखालच्या वजनदार पात्याचे) बोल्ट, डोलकाठीच्या तारा बांधायच्या चेनप्लेट, रडरचा (सुकाणूचा) दांडा, विजेच्या तारा, यांतले कोणतेही महागडे दुखणे घेतले तरी त्याचे मूळ बहुधा मुरलेल्या पाण्यातच सापडते. म्हणून नव्या गाद्या आणि ताजा रंग यांकडे दुर्लक्ष करावे आणि पाण्याचा माग काढत जावे.

येथे साधारण २२ ते ३५ फूट लांबीची, फायबरग्लासची, कील असलेली बोट गृहीत धरली आहे. लाकडी बोटीची परीक्षा हा निराळा विषय आहे. मुंबई बंदरातल्या सीबर्ड वर्गाच्या बोटीसारखी लाकडी बोट घ्यायची असेल, तर अशा बोटींवर हात बसलेल्या सुताराला सोबत नेल्याशिवाय पाऊल उचलू नये.

मुंबईत शिडाच्या बोटींचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो आणि पावसाळ्याआधी बोटी पाण्याबाहेर काढून शाकारून ठेवल्या जातात. घेणाऱ्याला या वेळापत्रकाचा चांगला उपयोग करून घेता येतो. मे महिन्यात बोट पाण्यात असताना ती चालवून पाहावी, ती बाहेर काढली जाईल त्या दिवशी तिचा तळ ओला असतानाच नजरेखालून घालावा, आणि जमल्यास जुलैच्या झडीत ताडपत्री बाजूला करायला लावून पुन्हा एकदा आत डोकावावे. दोन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर डेकखालचे कोणते कोपरे ओले आहेत हे जितके स्पष्ट कळते, तितके उन्हाळ्यातल्या कोणत्याही तपासणीत कळत नाही. कोरड्या दिवसांत पाहणी करावी लागली तर डेकवर नळीने अर्धा तास गोडे पाणी सोडण्याची परवानगी मागावी. परवानगी मिळाली नाही, तर त्यातूनही काहीतरी कळतेच.

जाण्याआधी मालकाला फोनवर दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: त्या दिवशी इंजिन आधी सुरू करून ठेवू नये आणि बिल्जमधले (बोटीच्या आतल्या तळाच्या खळग्यातले) पाणी उपसू नये. त्याच वेळी शिडे आणि रिगिंग (डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा) कधी बदलली, बोट कधी जमिनीला लागली होती का, आणि ती गेली दोन-तीन वर्षे किती वापरात होती, हेही विचारावे. उत्तरे लिहून ठेवावीत, कारण नंतर बोटीवर दिसणाऱ्या खुणांशी ती ताडून पाहायची आहेत. सोबत प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी, चांगली विजेरी, लांब दांड्याचा आरसा, भिंग, सुती फडके आणि मळले तरी चालतील असे कपडे असावेत. एवढ्या साहित्यावर पहिल्या दोन तासांत बहुतेक वाईट बोटी नाकारता येतात. व्यावसायिक सर्वेक्षकाची फी भरायची ती या चाळणीतून उतरलेल्या बोटीसाठी.

तळ आणि बाजू

बोटीपासून दहा-बारा पावले दूर उभे राहून पुढून, मागून आणि कडेने तिच्या पृष्ठभागावर पडलेले प्रतिबिंब पाहावे. प्रतिबिंब जिथे एकदम मोडते किंवा लाटेसारखे वळते तिथे जुनी दुरुस्ती असू शकते, आतला बल्कहेड (बोटीतली आडवी भिंत) बाहेर ढकलला गेलेला असू शकतो, किंवा बोट चुकीच्या टेकूवर वर्षानुवर्षे उभी राहिलेली असू शकते. रंगाच्या छटेतला फरकही पाहावा. बोटीच्या एकाच भागाला नवा रंग असेल तर तो का लावावा लागला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तळावर फोड दिसले की नवखा माणूस घाबरतो. पाण्याचे सूक्ष्म कण जेलकोटमधून (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरातून) आत झिरपतात, पॉलिएस्टर रेझिनमधल्या काही घटकांशी त्यांची रासायनिक क्रिया होते, तयार झालेला द्रव आणखी पाणी ओढून घेतो आणि दाब वाढून फोड येतो. यालाच ऑस्मोसिस म्हणतात. मालकाची परवानगी घेऊन आणि डोळ्यांवर चष्मा चढवून एखादा फोड टोचला, तर आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो. आपल्याकडचा समुद्र वर्षभर कोमट असल्यामुळे ही क्रिया थंड देशांतल्यापेक्षा वेगाने होते. तरीही ऑस्मोसिसमुळे बोट बुडाल्याचे उदाहरण शोधूनही सहसा सापडत नाही. विखुरलेले दहा-वीस फोड हे घासाघीस करण्याचे कारण आहे, बोट नाकारण्याचे नव्हे. संपूर्ण तळ फोडांनी भरला असेल तर मात्र हिशेब बदलतो. मग जेलकोट सोलून काढावा लागतो, तळ गोड्या पाण्याने वारंवार धुऊन महिनोन्‌महिने वाळवावा लागतो आणि त्यावर इपॉक्सीचे थर द्यावे लागतात. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. त्या काळात उघड्यावर तळ वाळत नाही, आणि वाळण्याचे महिने धरले तर हंगाम हातचा जातो. हा खर्च विक्रेता कधीच धरत नाही.

कोणी ओलावामापक यंत्र घेऊन आले तर त्याच्या आकड्यांनी दडपून जाऊ नये. ते यंत्र पाणी थेट मोजत नाही, पदार्थाचा विद्युत गुणधर्म मोजते. तांबे असलेला अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ व शिंपले चिकटू न देणारा) रंग, आतल्या बाजूची पाण्याची टाकी, पृष्ठभागावरचे मीठ, यांपैकी कशानेही आकडा वर जातो. नुकत्याच बाहेर काढलेल्या बोटीचा आकडा जास्त येणारच. पाण्याच्या रेषेच्या वरचा आणि खालचा, डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा, असे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तरच त्यांना अर्थ असतो.

कील: इथे घाई करू नये

जुन्या बोटीत माणसाच्या जिवाशी सर्वांत थेट संबंध कोणत्या भागाचा असेल तर तो कीलचा. कील दोन प्रकारची असते. काही बोटींत शिसे किंवा लोखंड फायबरग्लासच्या साच्यातच ओतलेले किंवा बसवलेले असते. इतर बोटींत ती वेगळी ओतून बोल्टने हलला (बोटीच्या मुख्य कवचाला) जोडलेली असते. पहिल्या प्रकारात बोल्टची चिंता नसते, पण खडकावर आपटून कीलच्या खालच्या कडेचे आवरण फुटले असेल तर पाणी आत जाऊन लोखंड फुगत राहते. तिथे हातोडीने वाजवून पोकळ जागा शोधाव्यात.

बोल्टच्या कीलमध्ये हल आणि कील जिथे भेटतात त्या सांध्याचा पुढचा भाग आधी पाहावा. अमेरिकेतल्या कॅटलिना ३० बोटींवर या जागी आडवी, हसऱ्या ओठांसारखी भेग इतकी सर्रास आढळते की तिला तिथे त्या बोटीचेच नाव पडले आहे. केसाएवढी बारीक आणि कोरडी भेग अनेकदा फक्त भरणीच्या थराची असते. पण बोट बाहेर काढल्यावर दोन-तीन दिवस उलटूनही त्या भेगेतून पाणी पाझरत असेल किंवा गंजाचा तपकिरी ओघळ आलेला असेल, तर पाणी बोल्टपर्यंत पोचले आहे असे समजावे. स्टेनलेस स्टील उघड्या हवेत टिकते ते त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनमुळे तयार होणाऱ्या पातळ थरामुळे. साचलेल्या खाऱ्या पाण्यात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा फटीत, तो थर टिकत नाही आणि बोल्ट मधोमध खाल्ला जातो. वरून नट चकचकीत दिसतो आणि सांध्यात बोल्टची जाडी अर्धी उरलेली असते. खात्री करायची असेल तर एखादा बोल्ट काढून पाहणे किंवा कील खाली उतरवणे एवढेच मार्ग आहेत. दोन्ही खर्चिक असल्यामुळे ते सर्वेक्षकाच्या सल्ल्यानेच करावेत.

यापुढे बोट जमिनीला लागल्याच्या खुणा शोधाव्यात. चालती बोट कीलच्या खालच्या टोकाने खडकाला धडकते, तेव्हा कीलची पुढची बाजू हलपासून खाली ओढली जाते आणि मागची बाजू वर, हलच्या आत घुसू पाहते. त्यामुळे आतल्या फळ्या उचलून शेवटच्या कील-बोल्टच्या लगेच मागचा भाग विजेरीच्या उजेडात नीट पाहावा. तिथे आडव्या भेगा, जेलकोटचे टवके, आतल्या आडव्या चौकटी हलपासून सुटल्याच्या खुणा किंवा उरलेल्या भागाशी न जुळणारा नवा रंग दिसला, तर धक्का जोराचा होता. 'बोट फक्त चिखलात रुतली होती' असे उत्तर मुंबईत नेहमी मिळते आणि ते बऱ्याचदा खरेही असते, कारण बंदराचा बराच तळ गाळाचा आहे. पण कुलाब्याच्या टोकापुढचा प्राँग्जचा खडक याच बंदराच्या तोंडाशी आहे. कीलच्या खालच्या कडेला खोल चरे असतील तर ते चिखलाचे काम नव्हे.

या तपासणीला मी इतकी जागा देतो त्याचे कारण सांगायला हवे. मे २०१४ मध्ये चीकी राफिकी नावाची बेनेटो फर्स्ट ४०.७ जातीची बोट अँटिग्वाहून ब्रिटनला परतत असताना अटलांटिक महासागरात तिची कील निखळली आणि चारही खलाशी मृत्युमुखी पडले. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने २०१५ च्या अहवालात म्हटले, की बोट पूर्वी जमिनीला लागल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने तिची रचना दुबळी झाली असण्याची शक्यता आहे. त्या बोटीत तळाला बळकटी देणारी आतली जाळीदार चौकट हलला चिकटवलेली होती, आणि अशा रचनेत जोड सुटला आहे की नाही हे वरून पाहून कळणे फार अवघड असते. चिकटवलेली चौकट असणाऱ्या बोटीत म्हणूनच हातोडीने चौकटीच्या प्रत्येक पायाशी वाजवत जावे आणि आवाज कुठे बदलतो ते खडूने खुणवत जावे.

प्रत्येक मॉडेलची स्वतःची दुखणी असतात, ती आधी माहीत करून घ्यावीत. भारतात शर्यतींसाठी वापरली जाणारी जे-२४ ही बोट याचे उत्तम उदाहरण आहे. रॉड जॉनस्टन यांनी आखलेल्या आणि १९७७ पासून बनू लागलेल्या या बोटीचे हल आणि डेक दोन्ही बाल्साच्या गाभ्याचे आहेत. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या बोटींत कीलच्या वरचा खळगा व्हर्मिक्युलाइट हे हलके खनिज मिसळलेल्या रेझिनने भरलेला असे. तो भराव पाणी शोषून घेतो आणि कील-बोल्ट वर्षानुवर्षे ओल्या लगद्यात उभे राहतात. तो खरवडून काढून खळगा इपॉक्सीने भरणे हाच त्यावरचा रूढ उपाय आहे. जुनी जे-२४ घेणाऱ्याने हे काम झाले आहे का हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावा आणि दुरुस्तीचे फोटो मागावेत.

डेक

माठ घेताना आपण तो बोटाच्या पेराने वाजवून पाहतो आणि बद्द आवाज आला की बाजूला ठेवतो. डेकची परीक्षाही तशीच करायची आहे. बहुतेक बोटींच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्सा, प्लायवूड किंवा फोमचा गाभा असतो. डेकवर बसवलेल्या प्रत्येक वस्तूचा बोल्ट या गाभ्यातून आरपार जातो: स्टँशन (कठड्याचे खांब), क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या), विंच (दोर ओढायची चक्रे), जेनोआचा (पुढच्या मोठ्या शिडाचा) ट्रॅक, हॅच (डेकवरची झडप). बोल्टभोवतीचे सीलंट आपल्या उन्हात काही वर्षांत कडक होऊन आकसते, आणि मग प्रत्येक पावसात व प्रत्येक लाटेबरोबर थोडे पाणी गाभ्यात जाते. बाल्सा काळे पडून लगदा होते आणि दोन्ही थर सुटे होतात.

हातोडीने एक-एक इंचावर हलके वाजवत जावे. घट्ट डेक टणक, खणखणीत आवाज देते. गाभा सुटला असेल तिथे आवाज बद्द होतो. स्टँशनच्या पायापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला सरकावे, म्हणजे ओलाव्याची हद्द सापडते. नंतर अनवाणी चालून पाहावे. पायाखाली डेक दबते आहे असे वाटले, किंवा वजन टाकताच एखाद्या बोल्टच्या कडेने तपकिरी पाण्याचा थेंब वर आला, तर आणखी पुराव्याची गरज नाही. स्टँशनभोवती तारेच्या आकारात फुटलेल्या बारीक रेषा सहसा धक्क्याने किंवा कोणी स्टँशन धरून बोटीवर चढल्याने येतात, तर कॉकपिटच्या (बोट चालवणारे बसतात त्या खळग्याच्या) कोपऱ्यांतल्या समांतर रेषा तिथला जेलकोट जाड असल्याचे किंवा तो भाग वाकत असल्याचे सांगतात. पहिल्या प्रकाराच्या रेषांखाली ओलावा असण्याचा संभव अधिक असतो.

हाताच्या पंजाएवढी दोन-तीन ओली ठिकाणे असतील तर ती दुरुस्त होऊ शकतात आणि स्वतःच्या हातांनी काम करणाऱ्याला परवडतातही. पुढचे अर्धे डेक बद्द वाजत असेल तर वरचा थर कापून, कुजलेला गाभा काढून, नवा बसवून पुन्हा लॅमिनेशन करावे लागते; अशी मजुरी धरली तर स्वस्तात मिळालेली बोट महागात पडते. डोलकाठी डेकवर उभी असेल तर तिच्या पायाखालच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिथे गाभा मऊ पडला की डोलकाठीच्या दाबाने डेक खाली बसते. केबिनमध्ये जाऊन तिच्या बरोबर खालचा खांब आणि त्याचा पाया पाहावा. जवळचा दरवाजा चौकटीत अडकत असेल तर डेक खचल्याची ती नेमकी खूण असते. संपूर्ण डेकला विक्रीच्या तोंडावर नव्याने खरबरीत रंग दिलेला असेल, तर तो कशावर पांघरूण घालतो आहे याचा शोध घ्यावा.

चेनप्लेट, तारा, डोलकाठी

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या चेनप्लेट. त्या डेकमधून खाली जाऊन बल्कहेडला किंवा हलला बोल्टने जोडलेल्या असतात, आणि डेकच्या जाडीत दडलेला त्यांचा इंचभर भाग कोणालाच दिसत नाही. नेमक्या त्याच भागात, कील-बोल्टच्या बाबतीत सांगितलेल्या कारणानेच, स्टील आतून खाल्ले जाते. केबिनमधले आवरण काढून बल्कहेडच्या त्या कोपऱ्यात टोचणीने लाकूड टोचून पाहावे; प्लायवूड काळे आणि मऊ असेल तर वरून पाणी येते आहे, आणि पाणी येत असेल तर चेनप्लेटवर विश्वास ठेवता येत नाही. एक चेनप्लेट काढून दाखवण्याची मागणी रास्त आहे.

स्टेनलेसच्या तारांचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षे धरण्याचा प्रघात आहे आणि कित्येक विमा कंपन्याही तोच धरतात. उष्ण, खाऱ्या हवेत त्यातला कमी आकडा धरावा असे माझे मत आहे. तारा दिसायला चांगल्या आहेत हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असले तरी उपयोगाचे नाही, कारण तारा तुटतात त्या टोकांच्या दाबून बसवलेल्या नळीत. त्या नळीवर भिंगातून उभी भेग दिसते का ते पाहावे, विशेषतः खालच्या टोकाला, कारण पाणी तिथेच साचते. तारेवरून सुती फडके फिरवावे, उघडा हात फिरवू नये. तुटलेला एक धागाही फडक्यात अडकतो, आणि एक धागा तुटला म्हणजे तो जोड संपला. तारा कधी बदलल्या याची पावती नसेल तर त्या बदलायच्याच आहेत असे धरून किंमत बोलावी. पावसाळ्यासाठी डोलकाठी उतरवून आडवी ठेवली असेल तर सोन्याहून पिवळे. टोकाच्या कप्प्या, स्प्रेडरची (तारा बाजूला ताणून धरणाऱ्या आडव्या दांड्यांची) मुळे आणि ॲल्युमिनियमवर स्टेनलेसचे भाग जिथे बसवले आहेत तिथली पांढरी भुकटी, हे सगळे जमिनीवर बसून पाहता येते. बिल्जपर्यंत खाली जाणाऱ्या डोलकाठीचा तळाचा वीतभर भाग न चुकता पाहावा.

रडर, सीकॉक आणि केबिन

रडर दोन्ही हातांनी धरून आडवे आणि वर-खाली हलवावे. थोडी ढिलाई बेअरिंगची असते आणि ती बदलता येते. रडरच्या पात्याच्या खालच्या कडेतून बोट बाहेर काढल्यानंतरही पाणी ठिबकत असेल आणि दांड्यापाशी गंजाचे डाग असतील, तर आतल्या फोममध्ये दडलेले, दांड्याला जोडलेले पोलादी फाटे गंजत आहेत; दुरुस्तीपेक्षा नवे रडर बनवणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

हलमधून पाणी आत-बाहेर नेणारा प्रत्येक सीकॉक हाताने उघडून-मिटून पाहावा. घट्ट अडकलेला सीकॉक संकटात बंद होणार नाही, म्हणून तो नसल्यातच जमा. साध्या पितळेचा सीकॉक समुद्राच्या पाण्यात आपले जस्त गमावतो आणि मागे सच्छिद्र, गुलाबी छटेचे तांबे उरते. नखाने किंवा टोचणीने खरवडून तसा रंग दिसला तर तो बदलणे टाळता येणार नाही.

केबिनमध्ये शिरताच आधी वास घ्यावा. कुबट वास, गादीखालची बुरशी, छताच्या अस्तरावरचे तपकिरी ओघळ, हे सर्व वरच्या कोणत्या तरी बोल्टकडे बोट दाखवत असते. बिल्जमध्ये पाणी असेल तर ते खारे की गोडे हे ठरवावे: गोडे असेल तर पाऊस किंवा फुटलेली टाकी, खारे असेल तर सीकॉक, स्टर्न ग्लँड (पंख्याचा दांडा हलमधून बाहेर जातो तिथला पाणीरोधक सांधा) किंवा कीलचा सांधा. विजेच्या पॅनेलमागे डोकावून तारांची टोके पाहावीत. कल्हई नसलेली तांब्याची तार खाऱ्या हवेत आतपर्यंत काळी पडते आणि अशी तार तुकड्या-तुकड्याने दुरुस्त होत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की तो बिल्जमध्ये साचतो. सिलिंडर केबिनच्या आत, बाहेर निचरा नसलेल्या कपाटात ठेवलेला असेल, तर ती व्यवस्था आधी बदलावी लागेल हे ध्यानात घ्यावे.

इंजिन

आत बसवलेले डिझेल इंजिन असेल तर हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. गरम असेल तर मालकाने विनंती मानलेली नाही. थंड इंजिन थोड्याच प्रयत्नांत सुरू व्हायला हवे. सुरुवातीचा थोडा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही निळा धूर राहिला तर तेल जळते आहे, काळा राहिला तर भार जास्त किंवा हवा कमी आहे, आणि पांढरा राहिला तर न जळलेले इंधन किंवा वाफ आहे. एक्झॉस्टमधून थंड करणारे पाणी भरपूर पडते आहे का ते पाहावे. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे. समुद्राच्या पाण्यानेच थंड होणाऱ्या जुन्या इंजिनांत आतले मार्ग मिठाने आणि गंजाने चोंदतात, आणि हे तासभर भाराखाली चालवल्याशिवाय उघड होत नाही. सेलड्राइव्ह (इंजिनाखालून थेट तळातून बाहेर जाणारा पंख्याचा पाय) असलेल्या बोटीत हलमधले रबरी पटल कधी बदलले ते विचारावे. व्होल्वो पेंटा ही इंजिन बनवणारी कंपनी ते दर सात वर्षांनी बदलायला सांगते आणि जुन्या बोटींत ते सहसा मूळचेच असते. छोट्या बोटीला आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेले इंजिन) असेल तर फार खोलात जाऊ नये. ते बिघडले तर बदलता येते.

शिडांच्या बाबतीत थोडक्यात एवढेच, की टाक्याखाली नख घालून ओढावे. दोरा सहज तुटला तर कापड चांगले असले तरी शिवण उन्हाने संपली आहे. डेक्रॉनचे कापड मऊ, लुळे झाले असेल तर शिडाचा आकार गेला आहे. नव्या शिडांची किंमत जुन्या छोट्या बोटीच्या किमतीला सहज भिडू शकते.

पाण्यावर

चालवून पाहण्यासाठी दहा-पंधरा नॉट्सचा वारा असलेला दिवस निवडावा. पडेल वाऱ्यात प्रत्येक बोट चांगली वाटते. निघण्यापूर्वी बिल्ज कोरडे पुसून घ्यावे. वाऱ्याला जवळून चालताना बोट कलली की केबिनचे दरवाजे उघडून-मिटून पाहावेत, वाऱ्याच्या आडच्या बाजूच्या तारा किती सैल पडतात ते पाहावे, आणि चेनप्लेटच्या मुळाशी केबिनमधून हात लावून हालचाल जाणवते का ते तपासावे. परतल्यावर सर्वांत आधी बिल्ज पाहावे.

कागद आणि किंमत

अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बांधल्या जाणाऱ्या बोटींच्या मागच्या बाजूला, उजव्या हाताला, बारा अक्षर-अंकी ओळख क्रमांक कोरलेला असतो. १९८४ नंतरच्या क्रमांकांत शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष दाखवतात. कागदांवरचा क्रमांक, बोटीवरचा क्रमांक आणि मालकाने सांगितलेले वर्ष जुळायला हवे. भारतात आयात होऊन आलेल्या बोटीसाठी नोंदणीच्या कागदांइतकेच सीमाशुल्क भरल्याचे पुरावे, विशेषतः बिल ऑफ एंट्री (आयातीच्या वेळी सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेला कागद), महत्त्वाचे असतात. परदेशी यॉट तात्पुरती आणून इथेच विकली जात असेल आणि शुल्क भरलेले नसेल, तर जप्तीची तलवार नव्या मालकाच्या डोक्यावर येते. बोट कुठे उभी राहणार हेही आधीच ठरवावे, कारण मालकाची मुरिंगची (बोट पाण्यात बांधून ठेवण्याची) जागा बोटीसोबत आपोआप मिळेलच असे नाही. मुंबई बंदराच्या हद्दीत मुंबई बंदर प्राधिकरण, राज्याच्या लहान बंदरांत महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स यांच्याकडे ही चौकशी करावी. बोटीवर कर्ज किंवा थकबाकी नसल्याचे मालकाकडून लेखी घ्यावे.

एवढे झाल्यावर सापडलेली प्रत्येक उणीव आणि तिचा अंदाजे खर्च एका कागदावर मांडावा आणि शिडे, तारा, इंजिन, डेक, कील यांची बेरीज मागितलेल्या किमतीशेजारी लिहावी. जुन्या बोटींत ही बेरीज किमतीपेक्षा मोठी निघणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि तशी निघाली तर ती बोट फुकट मिळाली तरी महागच आहे. बेरीज आटोक्यात असेल तर सर्वेक्षक नेमावा, पण विक्रेत्याने किंवा मध्यस्थाने सुचवलेला नव्हे. त्याच्यासोबत स्वतः बोटीवर हजर राहावे, कारण लेखी अहवालात जे सौम्य शब्दांत येते ते तो बोटीवर उभा राहून स्पष्ट सांगतो. इसारा देताना कागदावर लिहून घ्यावे, की सर्वेक्षण आणि समुद्रावरची चाचणी समाधानकारक झाली नाही तर रक्कम परत मिळेल, आणि बोट बाहेर काढण्याचा खर्च कोण करेल. त्याच कागदाला सामानाची यादी जोडावी: प्रत्येक शीड, विंचचे दांडे, नांगर व साखळी, खाली ठेवण्याची चौकट किंवा ट्रेलर, पावसाळी ताडपत्री. पूर्ण पैसे देण्याच्या दिवशी ती यादी हातात घेऊन बोटीवर एक-एक वस्तू मोजावी.